‘साठ’ की ‘सात’? जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण

विषय: हॅम रेडिओ स्वयंसेवकांचं रद्द झालेलं आपत्कालीन संदेशवहन प्रशिक्षण पावसाळ्यापूर्वी घेण्याबाबत

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर दोन ओळींचा निरोप आला. मे अखेरीला ठरलेलं हॅम रेडिओ, म्हणजे हौशी बिनतारी, स्वयंसेवकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण ‘प्रशासकीय कारणास्तव’ रद्द. चौकशी केल्यावर कळलं, की मान्सूनपूर्व आढावा बैठकीत असं बोलणं झालं: आता गावोगाव टॉवर आहेत, कार्यालयात सॅटेलाइट फोन आहेत, तलाठी आणि ग्रामसेवकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, मग हौशी मंडळींसाठी तीन दिवस कशाला घालवायचे? बैठकीत यावर कुणी हरकत घेतली नाही. ती मी इथे, सगळ्यांसमोर घेते आहे.

जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे पत्र कुणा एका अधिकाऱ्याविरुद्ध नाही. आणि किनाऱ्यालगतच्या, घाटाखालच्या बऱ्याच तालुक्यांतल्या वाचकांना हे आपल्याच जिल्ह्याबद्दल आहे असं वाटेल, याची मला कल्पना आहे.

आधी मी कोण ते सांगते. १९८४ साली मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले आणि बरीच वर्षं ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे परगावचे कॉल जोडायला, होते. लोक १८० फिरवून कॉल नोंदवायचे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे त्याचे प्रकार असत. बोर्डावर बसवण्याआधी आम्हाला कित्येक दिवस नुसतं बोलायला शिकवलं होतं. आकडा कसा उच्चारायचा, तो समोरच्याकडून परत कसा वदवून घ्यायचा, रडणाऱ्या माणसाकडून गावाचं नाव कसं काढून घ्यायचं, चिडलेल्या साहेबाला न दुखावता थांबवायचं कसं. हे येत नाही तोवर हेडफोन हातात मिळत नसे. २०२० च्या जानेवारीअखेर, आमच्या खात्यातले हजारो लोक एकाच दिवशी बाहेर पडले, त्यांच्याबरोबर मीही स्वेच्छानिवृत्ती घेतली. हॅमचा परवाना मात्र मी त्याआधीच, २०११ मध्ये काढला होता. तारांचं जग संपत चाललं होतं आणि मला आवाजाशी असलेलं नातं तोडायचं नव्हतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅम, म्हणजे हौशी रेडिओ, हा पोरखेळ नव्हे. केंद्राच्या दूरसंचार विभागाची बिनतारी लहरींचं नियोजन पाहणारी डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेते, पडताळणी होते, मग ‘व्हीयू’ने सुरू होणारं कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, मिळतं. बारा वर्षांवरच्या कुणालाही ही परीक्षा देता येते. ठरवून दिलेल्या लहरींवरच बोलायचं, धंद्याचं काही बोलायचं नाही, सांकेतिक भाषेत काही दडवायचं नाही. सेट स्वतःचा, बॅटरी स्वतःची, वेळही स्वतःचा. टॉवर नाही, केबल नाही, मधे कुठली कंपनी नाही. एक तार, एक बॅटरी आणि दोन टोकांना दोन माणसं एवढं असलं की काम होतं.

आता त्या रात्रीबद्दल, जिच्यामुळे हे पत्र लिहावं लागतंय.

काही वर्षांपूर्वीचा जुलै. दोन दिवस पाऊस थांबलाच नव्हता आणि भरतीची वेळ साधून नदी बाजारपेठेत शिरली. वीज संध्याकाळीच गेली. टॉवर बॅटरीवर काही तास तगले, मग एकेक करून गप्प झाले, कारण जनरेटरला डिझेल पोचवायचा रस्ताच पाण्याखाली होता. पुलाच्या कठड्याला बांधलेली केबलही गेली. माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत गाडीची बॅटरी, एक जुना व्हीएचएफ सेट आणि गच्चीवर बांबूला बांधलेला अँटेना होता. खालच्या अंगाला, शाळेच्या गच्चीवर आमच्यातलाच एक कॉलेजचा मुलगा पाच वॉटचा हँडी, म्हणजे हातात मावणारा सेट, घेऊन होता. त्याला परवाना मिळून चार महिने झाले होते.

पहाटे तीनच्या सुमारास त्याचा निरोप आला. पत्र्यावरच्या पावसाने अर्धं बोलणं खाल्लं होतं. मी वहीत लिहिलं: ‘शाळेच्या गच्चीवर सात माणसं. एक बाई गरोदर. पाणी जिन्याच्या सहाव्या पायरीला.’ तो निरोप बोटींची सोय पाहणाऱ्या माणसापर्यंत गेला. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला चाळीस माणसं अडकल्याची खबर होती. साहजिकच चाळिसांचा नंबर आधी लागला आणि सातांसाठी सकाळी एक बोट ठरली.

तो मुलगा ‘साठ’ म्हणाला होता.

साठ माणसं सकाळी साडेदहापर्यंत त्या गच्चीवर पावसात उभी राहिली. बोट आली ती आठ जणांची. पोरं खांद्यावर, म्हातारी माणसं टाकीच्या आडोशाला, आणि ती बाई शाळेच्या घंटेखाली सतरंजी पांघरून बसलेली. कुणाचा जीव गेला नाही. ती बाई पुढे सुखरूप बाळंत झाली, तिच्या मुलीला मी बघून आले आहे. पण ते साडेसात तास माझ्या वहीत एका अक्षराच्या चुकीने लिहिलेले आहेत आणि ती वही मी फाडलेली नाही.

चूक कुणाची? आकडा सुटा सुटा सांगायचा, ‘साठ’ न म्हणता ‘सहा, शून्य’ म्हणायचं, हे त्या मुलाला कुणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलेलं होतं. पण मी एकोणीस तास सेटसमोरून उठले नव्हते, माझी जागा घ्यायला दुसरं कुणी नव्हतं, आणि त्या एका निरोपाच्या वेळी मी आकडा परत वदवून घेतला नाही. निरोप पुढे नेणाऱ्यानेही विचारलं नाही, की पुराच्या पाण्यात शाळेच्या गच्चीवर फक्त सातच माणसं कशी? तिघेही मनापासून काम करत होतो. तिघांनी एकत्र सराव कधीच केला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की परवाना म्हणजे प्रशिक्षण नव्हे. परवान्याच्या परीक्षेत ओहमचा नियम विचारतात, अँटेनाची लांबी विचारतात, क्यू कोड, म्हणजे रेडिओवरची ठरलेली लघुरूपं, विचारतात, संकटसंदेशाला वाट द्यावी हेही विचारतात. पण पहाटे तीन वाजता ओल्या कागदावर साठ माणसांचा निरोप कसा घ्यायचा हे त्या परीक्षेत नाही. ते हातात, कानात आणि जिभेत बसावं लागतं. ते आम्ही एकट्याने शिकूही शकत नाही, कारण निरोपाचं दुसरं टोक आपल्याकडे, नियंत्रण कक्षात आहे.

आणि हे शिकणं मराठीतच व्हायला हवं. बाहेरची पुस्तकं आणून वाचली तर त्यांत इंग्रजी अक्षरांचे अल्फा, ब्राव्हो मिळतात. आपल्याकडे घोटाळे वेगळेच होतात. खरखरीत ‘सात’, ‘आठ’ आणि ‘साठ’ एकमेकांत मिसळतात. ‘दहा’ आणि ‘सहा’ मिसळतात. ‘पंचवीस’ आणि ‘पस्तीस’, ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत तर चांगले कसलेले कान फसतात. बोलण्याचं बटण दाबून क्षणभर थांबलं नाही की पहिलं अक्षर कापलं जातं आणि ‘अपुरं पडतंय धान्य’चं पलीकडे ‘पुरं पडतंय धान्य’ होतं. एकच अक्षर गेलं आणि अर्थ उलटा झाला. मग त्या वाडीला ट्रक जात नाही. गावांच्या नावांचं तर विचारूच नका. मधली वाडी, खालची वाडी, बौद्धवाडी, कुंभारवाडी, कोंड ही प्रत्येक गावात आहेत. ‘मधल्या वाडीत दरड आली’ एवढं सांगून निरोप संपवणारा माणूस वाईट नसतो, त्याच्यासाठी जगात मधली वाडी एकच असते. तालुका, मग गाव, मग वाडी, मग जवळची खूण, शाळा किंवा देऊळ, या क्रमाने सांगायची सवय त्याला आणि ऐकणाऱ्याला आधीच लागलेली असायला हवी.

आता आपल्या बैठकीतल्या कारणांकडे येते.

टॉवर आहेत, हे खरं. पण टॉवरला वीज लागते, डिझेल लागतं आणि तिथवर जाणारा रस्ता लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, तेव्हा श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत कित्येक गावांची वीज आठवडेच्या आठवडे गेली होती. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या त्या डोळ्यांना दिसल्या, पण मुंबईत अडकलेल्या मुलांना आईवडील जिवंत आहेत की नाही हे दिवसेंदिवस कळत नव्हतं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं, त्याच पावसात तळियेवर दरड आली. तेव्हाही हाक मारायला फोन नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, तेव्हा तिथे गाडीचा रस्ताच नव्हता आणि बचावाची माणसं अंधारात, पावसात चढून गेली. ३० जुलै २०१४ चं माळीण तर आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. गाव नाहीसं झाल्याची खबर बाहेर नेली ती एसटीच्या चालकाने, कारण नेहमीच्या वळणावर त्याला गावच दिसलं नाही. त्या चालकाचे उपकार मोठे आहेत. पण अशी खबर मिळायला एसटीची फेरी यावी लागावी, ही गोष्ट एकदा ऐकल्यावर पुन्हा घडू देण्यासारखी नाही.

सॅटेलाइट फोन आहेत, हेही खरं. ते असलेच पाहिजेत. पण तो एका माणसाने दुसऱ्या एका माणसाशी बोलायचा फोन आहे, आणि त्याला उघडं आभाळ लागतं. रेडिओवर एक बोलतो तेव्हा वीस ठिकाणी ऐकू येतं. एका वाडीने ‘आमच्याकडे दोर आहे’ म्हटलं, की शेजारच्या वाडीला ते नियंत्रण कक्षाने कळवावं लागत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपबद्दल काय लिहू? टॉवर बंद झाला त्या क्षणी तो ग्रुपही बंद. मोबाइलवर जोरात वाजणाऱ्या सरकारी इशाऱ्याचं मला कौतुकच आहे, पण तो फक्त वरून खाली येतो. खालून वर ‘वाचवा’ म्हणायला त्यात जागा नाही.

बैठकीत कुणी असंही म्हणालं म्हणे, की या लोकांचे हँडी डोंगराआड पोचत नाहीत. हे अर्धं बरोबर आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले आमचे हँडी नजरेच्या टप्प्यात चालतात, मधे सह्याद्रीची सोंड आली की थांबतात. त्यासाठी उंचावर रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा पुढे पाठवणारा सेट, लागतो. पण ७ मेगाहर्ट्झवर, ज्याला आम्ही ४० मीटरचा पट्टा म्हणतो, डोंगर अडवत नाही. दोन्ही बाजूंना साधारण दहा-दहा मीटर तांब्याची तार, ती फार उंच न बांधता माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीवर आडवी सोडली, की लहरी सरळ वर जातात आणि वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून सभोवतालच्या दोन-तीनशे किलोमीटरांत छत्रीसारख्या उतरतात. दिवसा हा पट्टा, रात्री ८० मीटरचा. घाटाच्या अलीकडून पलीकडे, तालुक्यापासून मुंबई-पुण्यापर्यंत निरोप जायला दोन झाडं आणि एक बॅटरी पुरते. ही तार भर पावसात, टॉर्चच्या उजेडात वीस मिनिटांत बांधता येते. पण आधी दहा वेळा बांधलेली असेल तरच. तीन दिवसांतला एक पूर्ण दिवस आम्ही यासाठी ठेवला होता.

कायदाही आपल्यासमोर ठेवते, कारण तो आपल्या बाजूने उभा राहायला तयार आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ३० जिल्हा प्राधिकरणाची कामं सांगतं. त्यात संदेशवहन यंत्रणा सुस्थितीत ठेवणं आणि ठरावीक काळाने सराव घेणं ही दोन कामं एकाच वाक्यात जोडलेली आहेत. ज्याने ते वाक्य लिहिलं त्याला कळलं होतं, की सरावाशिवाय यंत्रणा सुस्थितीत आहे असं म्हणता येत नाही. त्याच कलमात स्वयंसेवी बचावकर्त्यांच्या प्रशिक्षणाचंही काम आपल्यावर सोपवलं आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत संदेशवहनाचं स्वतंत्र पथक आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांत २००३ पासून देशांना सांगितलं आहे, की हौशी केंद्रांना आपत्तीत मदत करण्यासाठी आधीपासून तयारी करू द्या. आणि आपल्या देशाच्या हॅम नियमांनुसार एरवी आम्हाला तिऱ्हाइताचा निरोप नेता येत नाही, पण नेहमीची दूरसंचार व्यवस्था कोलमडल्यावर नैसर्गिक आपत्तीसंबंधीचे निरोप नेता येतात, आणि ते देण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांत जिल्हाधिकारी आहेत. म्हणजे आमच्या रेडिओची किल्ली आपल्याच हातात आहे, महोदय.

आमच्या तक्रारी आता एकेक करून मांडते.

पहिली, अर्थातच, प्रशिक्षण रद्द होण्याची. नावं नोंदवलेले आम्ही तेवीस जण होतो. त्यात दोन शिक्षिका, एक रिक्षाचालक, तीन मच्छीमारांची मुलं, एक परिचारिका होती. कुणी रजा टाकली होती, कुणी होडीची दुरुस्ती पुढे ढकलली होती. कारण विचारलं तर ‘प्रशासकीय’ या शब्दापलीकडे लेखी काही मिळालं नाही.

दुसरी. मागच्या पुरानंतर वायरलेस सेट खरेदी झाले. ते आले त्या दिवशीचे फोटो मी पाहिले आहेत. गेल्या महिन्यात एका कार्यालयात गेले तेव्हा त्यांतले दोन सेट कपाटात, मूळ प्लास्टिकमध्ये होते आणि एकाची बॅटरी फुगून झाकण वर आलं होतं. चावी ज्यांच्याकडे होती त्यांची बदली झालेली. तिथल्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘ताई, चालू कसा करायचा ते आम्हाला कुणी दाखवलंच नाही.’ त्यांचा यात काय दोष?

तिसरी, यादीची. आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात हॅम ऑपरेटरांची नावं छापलेली आहेत. त्यांतले दोघे आज हयात नाहीत. एक पुण्याला राहायला गेले. माझ्या नावापुढे जो लँडलाइन नंबर आहे तो बंद होऊन सहा वर्षं झाली, आणि हे मी टेलिफोन खात्यातली बाई म्हणून लिहिते आहे. ज्या मुलांनी गेल्या दोन वर्षांत परवाने घेतले, त्यांतलं एकही नाव यादीत नाही.

चौथी तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दरवर्षी रंगीत तालीम होते. सकाळी अकराला, मैदानात, उन्हात. रुग्णवाहिका येते, दोरावरून माणूस उतरतो, टाळ्या होतात. त्या तालमीत संदेशवहन कधीच तुटत नाही. सगळे मोबाइलवर बोलतात. खऱ्या आपत्तीत जी गोष्ट सर्वांत आधी जाते, ती गेली आहे असं धरून आपण एकदाही काम केलेलं नाही. आपदा मित्रांना, म्हणजे सरकारी योजनेतल्या आपत्ती स्वयंसेवकांना, बारा दिवसांचं चांगलं प्रशिक्षण मिळतं, त्यातली मुलं पाण्यात आणि दोरावर तरबेज असतात. पण आमच्याकडच्या तुकडीतल्या मुलांना मी विचारलं, तर वायरलेसवर निरोप कसा द्यायचा हे एकानेही हाताने करून पाहिलेलं नव्हतं.

ओळखपत्राचं थोडक्यात सांगते. त्या पुराच्या दुसऱ्या दिवशी आमचा एक ऑपरेटर पुलाजवळ दीड तास अडवला गेला, कारण त्याच्या हातात वॉकीटॉकी होता आणि तो कोण हे सांगणारा कागद त्याच्याकडे नव्हता. परवान्याची प्रत भिजून गेली होती. अडवणाऱ्या शिपायाने त्याचं कर्तव्यच केलं.

आमच्या बाजूचे दोषही इथेच लिहिते, कारण ते लपवून मागण्या करणं मला जमणार नाही. आमच्यातले काही जण आपत्ती आली की सेट घेऊन धावतात, पण शिस्तीत बसत नाहीत. एकाच वेळी तिघे बोलतात. निरोपापेक्षा सिग्नल किती छान येतोय यावर बोलणं लांबतं. नेट, म्हणजे एका लहरीवर सगळ्यांचं एकत्र बोलणं, चालवणाऱ्याने ‘थांबा’ म्हटलं तर राग येतो. एका गटाचं दुसऱ्या गटाशी पटत नाही. हे सगळं प्रशिक्षणानेच जाईल, आणि प्रशिक्षणात जे शिस्त पाळणार नाहीत त्यांची नावं यादीतून काढायचा अधिकार आपण जरूर घ्या. मी त्याला पाठिंबा देईन.

तयारी असली की काय होतं याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा हॅम ऑपरेटर भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. जगभरच्या हौशी ऑपरेटरांशी बोलण्यासाठी लावलेलं स्टेशन त्यांनी संकटवार्तेकडे वळवलं आणि अंदमान-निकोबारच्या लोकांची खबर मुख्य भूमीवर पोचवली. नशिबाने ते तिथे होते, असं आपण म्हणतो. पण नुसतं तिथे असून भागलं नसतं. गर्दीच्या लहरीवर दिवसाला शेकडो कॉल सांभाळण्याची सवय त्यांच्या अंगात होती, ती त्या दिवशी कामी आली. भूजच्या भूकंपानंतरही, २००१ मध्ये, बाहेरून हॅम मंडळी गेली होती. बाहेरून माणसं येईपर्यंतचे जे पहिले काही तास असतात, ते स्थानिकांनाच काढावे लागतात.

तर आमच्या मागण्या.

रद्द केलेलं प्रशिक्षण पाऊस लागायच्या आत घ्या. तीन दिवस जमत नसतील तर दोन दिवस आणि एक रात्र द्या, पण ती रात्र सोडू नका. प्रशिक्षण फक्त आमचं नको. नियंत्रण कक्षातले कर्मचारी, तलाठी, पोलीस पाटील, आपदा मित्र आणि पोलिसांच्या बिनतारी विभागातलं कुणीतरी, हे सगळे आमच्याबरोबर त्याच खोलीत हवेत. बिनतारीवाल्यांकडून आम्हाला शिकण्यासारखं खूप आहे. त्या रात्री सहा तास सगळ्यांचे मोबाइल एका पेटीत बंद ठेवायचे, दिवे घालवायचे आणि वीस निरोप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचे. सकाळी पाठवलेला आणि पोचलेला कागद शेजारी शेजारी ठेवून बघायचा. किती निरोप शाबूत पोचले तो आकडा जाहीर करा, कितीही लाजिरवाणा असला तरी.

मराठी संदेशपत्रक तयार करा. एकाच पानाचं, पेन्सिलने लिहिता येईल असं. त्यात निरोपाचा क्रमांक, वेळ, कुणाकडून, कुणाला, तालुका, गाव, वाडी, खूण, माणसांचा आकडा अंकी आणि सुटा सुटा, आणि निकड किती ते. आमच्या एक्स्चेंजमध्ये लाइटनिंग कॉलसाठी बाकीचे कॉल थांबत. तशाच तीन पायऱ्या पुरेत: जिवावरचं, तातडीचं, साधं. ‘आई सुखरूप आहे, मुंबईला कळवा’ हा निरोपही जाऊ दे, पण जिवावरचे संपल्यावर. या पत्रकाचा कच्चा नमुना मी करून ठेवला आहे, हवा तेव्हा आणून देते.

व्यवस्था कोलमडली तर आम्हाला निरोप देण्याचा अधिकार जिल्ह्यात आणि प्रत्येक तालुक्यात कुणाकुणाला असेल, त्या पदांची नावं लेखी आदेशाने आत्ताच ठरवा. पुराच्या रात्री सही कुणाची, हे शोधत फिरायची वेळ आमच्यावर आणू नका.

यादी दर एप्रिलमध्ये नवी करा, ओळखपत्र द्या, आणि आपदा मित्रांना मिळतो तसा विमा आम्हालाही द्या. मानधन आम्ही मागत नाही, सेटही मागत नाही.

कपाटातले सेट बाहेर काढा. प्रत्येक सेट कुणाच्या ताब्यात आहे, त्याची बॅटरी शेवटची कधी तपासली, हे कार्यालयाच्या फलकावर लावा. बदली झाली की चावीबरोबर सेट चालवायची माहितीही पुढच्या माणसाला मिळाली पाहिजे.

ऑपरेटरांच्या पाळ्या आराखड्यात लिहा. एका माणसाने चार तासांवर सेटसमोर बसू नये. एकोणीस तासांनंतर कान काय ऐकतात हे मी वर सांगितलं आहे.

शेवटची मागणी वेळ घेणारी आहे, म्हणून आज सुरू करायला हवी. प्रत्येक किनारी आणि डोंगरी गटातल्या निदान एका शिक्षकाने, एका आशा ताईने, एका मच्छीमाराच्या मुलाने हॅमची परीक्षा द्यावी यासाठी वर्ग घ्या. शिकवायला आम्ही येऊ, जागा आणि वीज आपली. अर्ज, पडताळणी, परवाना यात महिने जातात. त्या पडताळणीला जिल्ह्याच्या पातळीवर उशीर होऊ नये एवढं आपण नक्की करू शकता.

येत्या १५ दिवसांत याचं लेखी उत्तर मिळावं ही विनंती. ते मिळालं तर, होकार असो वा नकार, मी इथेच जसंच्या तसं देईन. उत्तर आलं नाही, तर आम्ही तेवीस जण स्वखर्चाने ती रात्र काढणारच आहोत. जागा ठरली आहे, त्याच शाळेची गच्ची. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. तो मुलगा आता नोकरीला लागला आहे, तोही रजा काढून येतो आहे. पण आमच्या निरोपाच्या दुसऱ्या टोकाला त्या रात्री कुणी नसेल, तर तो सराव अर्धाच राहील.

दर रविवारी सकाळी सात वाजता आमचं नेट भरतं. नियंत्रण कक्षातला एक सेट शनिवारी रात्री चार्जिंगला लावून ठेवा आणि रविवारी कुणालाही शेजारी बसवा. पहिली हाक आम्ही देऊ. त्यांनी फक्त कार्यालयाचं नाव आणि ‘ऐकू येतंय’ एवढं सांगावं.

कळावे,

आपली,
एक हॅम ऑपरेटर, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर